शार्लट ब्राँटे : एका पाळकाची कन्या

इंग्लंडच्या उत्तर भागांत यॉर्कशायर नांवाचा प्रांत आहे. त्यांत हॉवर्थ म्हणून एक डोंगरी गांव आहे. गांवचा मुख्य रस्ता फार चढणीचा. तो चढून वर गेलें कीं उपासनामंदिर लागतें, मंदिराला लागून कबरस्थान, आणि कबरस्थानाच्या कडेला पाळकांचें दगडी घर. घराच्या मागें कोसच्या कोस ओसाड माळ. १८२० सालच्या एप्रिल महिन्यांत रेव्हरंड पॅट्रिक ब्राँटे हे आपली पत्नी व सहा लहान मुलें यांसह ह्या घरीं राहावयास आले. सहांतील तिसरी मुलगी शार्लट. तिचा जन्म जवळच्याच थॉर्नटन गांवीं २१ एप्रिल १८१६ रोजीं झाला होता. हिनेंच पुढें जेन एअर ही कादंबरी लिहिली.

मुलींच्या हातीं कादंबऱ्या द्याव्या कीं देऊं नयेत, असा प्रश्न पालक मला पुष्कळदां करतात. मी कॉलेजांत शिकत असतांना एका वडीलधाऱ्या गृहस्थांनीं माझ्या हातांत जेन एअर पाहून ती मिटावयास लावली होती. त्यांचा हेतु चांगला होता याविषयीं मला शंका नाहीं. मीं ती रात्रीं पुन्हां उघडली, हें मात्र येथें कबूल केलें पाहिजे. त्या पुस्तकाची संक्षिप्त प्रत वरच्या वर्गांतील पुष्कळ मुलीं-मुलांनीं वाचलेली असते. परंतु तें लिहिणाऱ्या बाईची हकीकत फारशी कोणास ठाऊक नसते. म्हणून ती येथें सांगतें.

पॅट्रिक ब्राँटे हे मूळचे आयर्लंडचे. त्यांचें घराणें गरीब शेतकऱ्याचें. स्वतःच्या बुद्धीवर व श्रमावर ते केंब्रिज येथील सेंट जॉन्स कॉलेजांत पोहोंचले आणि पुढें त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली. १८२१ सालच्या सप्टेंबरांत त्यांची पत्नी मरिया ही दीर्घ आजारानें वारली. धाकटी ॲन तेव्हां दोन वर्षांचीहि नव्हती. मृत पत्नीची बहीण एलिझाबेथ ब्रॅन्वेल मुलांना सांभाळण्याकरितां येऊन राहिली, ती अखेरपर्यंत तेथेंच राहिली. मावशी शिस्तीची, मुलींना शिवणकाम व घरकाम तिनें कसोशीनें शिकविलें. पुढें टॅबी नांवाची म्हातारी मोलकरीण घरांत आली. स्वयंपाकघरांत बसून ती मुलांना भुताखेतांच्या व माळावरील जुन्या गोष्टी सांगे. त्या गोष्टींचा ह्या मुलांच्या लेखणीवर किती परिणाम झाला, हें त्यांचीं पुस्तकें वाचणाऱ्यास सहज दिसून येईल.

पाळकाचा पगार बेताचा, आणि मुली पांच. तेव्हां १८२४ सालीं कोवन ब्रिज येथें पाळकांच्या मुलींसाठीं थोड्या फीची एक निवासी शाळा निघाली, ती पॅट्रिक यांना ईश्वरी देणगीच वाटली असल्यास नवल नाहीं. मरिया, एलिझाबेथ, शार्लट व एमिली अशा चौघींना त्यांनीं तेथें पाठविलें. शाळेचे संस्थापक रेव्हरंड विल्यम केरस विल्सन हे धर्मनिष्ठ खरे. परंतु मुलींचा देह कष्टविला म्हणजे आत्मा सुधारतो, अशी त्यांची समजूत होती. जेवण पुष्कळदां करपलेलें असे. रविवारीं दोन मैलांहून अधिक अंतर थंडींत चालून मुली उपासनेस जात. दोन उपासनांच्या मधल्या वेळांत गार जेवण जेवून ओल्या पायांनीं तशाच बसत. थोरली मरिया ही बुद्धिमान, पण टापटिपीच्या बाबतींत विसरभोळी. एका शिक्षिकेनें तिचा इतका छळ केला, कीं आजारी पडून अंथरुणावरून उठवत नसतांहि तिला ओढून काढण्यांत आलें, असें पुढें तिच्याबरोबरच्या एका विद्यार्थिनीनें सांगितलें. आठ वर्षांची शार्लट हें सारें पाहात होती आणि तिला कांहीं करतां येत नव्हतें.

मरियेला क्षय झाला. तिला घरीं आणलें, तेथें ती ६ मे १८२५ रोजीं वारली. पाठोपाठ १५ जूनला एलिझाबेथहि गेली. शार्लट व एमिली यांना वडिलांनीं तांतडीनें घरीं नेलें. नऊ वर्षांची शार्लट आतां घरांतील सर्वांत थोरली झाली. न्यायानें हेंहि सांगितलें पाहिजे, कीं ती शाळा पुढें दुसऱ्या जागीं गेली व तिची व्यवस्था पुष्कळ सुधारली. परंतु मरियेला त्याचा उपयोग नव्हता. जेन एअरमधील लोवुड शाळा व तेथील सहनशील हेलन बर्न्स ही मुलगी वाचतांना ज्यांना अतिशयोक्ति वाटते, त्यांनीं ह्या दोन तारखा लक्षांत ठेवाव्या. आम्ही शिक्षक मंडळींनीं तर त्या विशेष लक्षांत ठेवाव्या.

१८२६ सालच्या जून महिन्यांत वडील लीड्स शहरीं गेले होते. तेथून त्यांनीं मुलगा ब्रॅन्वेल याच्यासाठीं लांकडी शिपायांची एक पेटी आणली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं शार्लटनें त्यांतला सर्वांत देखणा शिपाई उचलला व त्याचें नांव ड्यूक ऑफ वेलिंग्टन असें ठेवलें. एमिली व ॲन यांनींहि एकेक शिपाई घेतला. ह्या शिपायांसाठीं त्या चार भावंडांनीं आफ्रिकेंत एक राज्य कल्पिलें, त्यांत शहरें वसविलीं, युद्धें केलीं, कायदे केले. आणि शिपायांना वाचण्यासाठीं वर्तमानपत्रें व मासिकें पाहिजेत म्हणून तींहि काढलीं. कागदाच्या तुकड्यांचीं, हातानें शिवलेलीं हीं मासिकें आगपेटीएवढीं असत आणि अक्षर इतकें बारीक, कीं भिंगाशिवाय वाचतां येऊं नये. त्यांत अनुक्रमणिका असे, कविता असत, जाहिरातीसुद्धां असत. पहिला संपादक ब्रॅन्वेल होता. पण १८२९ सालींच संपादकत्व शार्लटकडे आलें. आपल्या शाळेच्या वार्षिकांत लेख द्यावयाचा म्हटला कीं ज्यांना घाम फुटतो, अशा आमच्या बालमित्रांना ही हकीकत मुद्दाम सांगावीशी वाटते. तेरा वर्षांच्या मुलीला कोणी लेख मागितला नव्हता.

१८३१ च्या जानेवारींत तिला रो हेड येथील मिस वूलर यांच्या शाळेंत घातलें. ही शाळा लहान व शिक्षिका मायाळू होती. मायाळू शाळेंत मुलीची बुद्धि कशी उमलते, याचें हें उत्तम उदाहरण होय. एलन नसी व मेरी टेलर ह्या जन्माच्या मैत्रिणी तिला येथेंच मिळाल्या. मेरी ही स्वतंत्र वृत्तीची. ती पुढें न्यूझीलंडला गेली व तेथें तिनें स्वतःचें दुकान चालविलें. १८३५ सालीं शार्लट त्याच शाळेंत शिक्षिका म्हणून परत गेली. तिच्या कामाच्या मोबदल्यांत प्रथम एमिलीचें व नंतर ॲनचें शिक्षण होणार होतें. ती काम चोख करी, पण मनांत तिच्या त्या काल्पनिक राज्याचीं दृश्यें उभीं राहात आणि वर्गांतील मुलींच्या प्रश्नांनीं तीं मोडत. ती आदर्श शिक्षिका नव्हती, हें मी शिक्षिका असून म्हणतें. मुलांना शिकविण्याची तिला मनापासून आवड नव्हती. परंतु पाळकाच्या निर्धन मुलीला त्या काळीं शिक्षिका होणें, गव्हर्नेस होणें अथवा लग्न करणें, ह्यांपलीकडे चौथा मार्ग नव्हता.

चौथा मार्ग आहे काय, हें तिनें विचारून पाहिलें. १८३६ सालच्या डिसेंबरांत, वीस वर्षांची असतांना, तिनें आपल्या कांहीं कविता राजकवि रॉबर्ट सदी यांच्याकडे पाठविल्या व त्यांचें मत मागविलें. मार्च १८३७ मध्यें उत्तर आलें. तिच्या अंगीं पद्यरचनेची शक्ति आहे, हें त्यांनीं नाकारलें नाहीं. परंतु वाङ्मय हा स्त्रीच्या आयुष्याचा व्यवसाय होऊं शकत नाहीं व होऊंहि नये. घरच्या कर्तव्यांत ती जितकी गढून जाईल, तितकी लेखनाला तिला कमी सवड राहील, असा त्यांचा उपदेश होता. सदी हे दुष्ट गृहस्थ नव्हते. एका अनोळखी मुलीला त्यांनीं वेळ काढून विस्तृत उत्तर दिलें, हा त्यांचा चांगुलपणाच. आणि म्हणूनच तें पत्र अधिक जड होतें. कारण दुष्टाचें म्हणणें मनावर न घेणें सोपें असतें. शार्लटनें नम्रपणें आभार मानले व आपण घरचीं कर्तव्यें कशीं पार पाडतों हेंहि कळविलें. तें पत्र तिनें जपून ठेवलें. लेखन मात्र तिनें सोडलें नाहीं.

१८३९ सालीं तिला लग्नाची पहिली मागणी आली. मागणी घालणारे हेन्री नसी हे तिच्या मैत्रिणीचे भाऊ. तेहि पाळकच होते, आणि शाळा चालविण्यास उपयोगी पडेल अशी पत्नी त्यांना हवी होती. स्थळ चांगलें, एलनसारख्या जिवलग मैत्रिणीशीं नातें जुळणार, आणि घरीं पैशाची सदां चणचण. तरीहि तिनें नकार दिला. आपण त्यांना वाटतों तशा गंभीर व शांत स्वभावाच्या नाहीं, आणि ज्याच्यासाठीं प्राण द्यावा असें वाटत नाहीं त्याच्याशीं लग्न करणें हा त्याच्यावरहि अन्याय होईल, असें तिचें म्हणणें होतें. त्याच वर्षीं दुसरी मागणी एका तरुण आयरिश सहायक पाळकाची आली. त्याची व तिची भेट अवघी एका दिवसाची होती. तिनें तीहि हंसून नाकारली.

लग्न नाहीं, तेव्हां नोकरी आली. ती दोन कुटुंबांत गव्हर्नेस म्हणून राहिली. दुसऱ्या घरीं तिला वर्षाचा पगार २० पौंड होता व त्यांतून धुलाईचे ४ पौंड कापून घेत. दिवसभर मुलांना शिकवावें, रात्रीं घरच्यांचें शिवणकाम करावें; नोकरांत बसावें तर आपण शिकलेल्या, आणि मालकांत बसावें तर आपण पगारी. ह्या अधांतरीं स्थितीचा सल तिच्या सर्व पुस्तकांत आहे.

मग बहिणींनीं स्वतःची शाळा काढण्याचें ठरविलें. फ्रेंच भाषा चांगली यावी म्हणून मावशीच्या पैशांतून शार्लट व एमिली १८४२ च्या फेब्रुवारींत बेल्जममधील ब्रुसेल्स शहरीं गेल्या. तेथें कॉन्स्तांतें एझे नांवाच्या शिक्षकांनीं तिच्या लेखनाला कसून वळण लावलें; नेमका शब्द निवडणें व फापटपसारा छाटणें ती त्यांच्याजवळ शिकली. मावशीच्या मृत्यूमुळें दोघी घरीं आल्या. पुढच्या वर्षीं शार्लट एकटीच परत गेली. ह्या विवाहित गुरूंच्या ठायीं तिचें मन गुंतलें होतें, हें तिच्या चार पत्रांवरून १९१३ सालीं जगजाहीर झालें. पत्रें फाडून टाकलेलीं व पुन्हां सांधलेलीं होतीं. तिनें तें दुःख मनांत ठेवलें, १८४४ च्या जानेवारींत ती घरीं परतली, आणि पुढें त्याचें तिनें एक उत्तम पुस्तक केलें. याहून अधिक येथें लिहिण्याचें कारण नाहीं. शाळेचीं माहितीपत्रकें छापून वांटलीं. एकहि विद्यार्थिनी आली नाहीं.

१८४५ सालीं शार्लटच्या हातीं एमिलीच्या कवितांची वही सहज पडली. एमिली रागावली, पण शेवटीं तिघींच्या कविता एकत्र छापावयाचें ठरलें. बायकांचें लेखन म्हणून परीक्षक एक तर दयेनें पाहातील, नाहीं तर तुच्छतेनें. म्हणून क्यूरर, एलिस व ॲक्टन बेल अशीं टोपणनांवें घेतलीं. पुरुषाचें असें उघड नांव घेण्यास त्यांचें मन धजेना, म्हणून पुरुषाचें कीं स्त्रीचें हें कळूं नये अशीं नांवें निवडलीं. १८४६ सालीं पुस्तक स्वतःच्या खर्चानें निघालें. वर्षभरांत दोन प्रती खपल्या.

याच वर्षीं ऑगस्ट महिन्यांत वडिलांच्या डोळ्यांतील मोतीबिंदु काढण्याकरितां ती त्यांना घेऊन मँचेस्टरला गेली. भूल देण्याचें औषध अद्याप प्रचारांत आलें नव्हतें. शस्त्रक्रियेच्या वेळीं ती वडिलांच्याजवळ बसून होती. त्याच सुमारास तिची पहिली कादंबरी एका प्रकाशकाकडून नाकारली जाऊन परत आली. भाड्याच्या खोलींत, वडील अंधारांत डोळ्यांना पट्टी बांधून पडलेले असतां, तिनें दुसरी कादंबरी लिहावयास घेतली. ती जेन एअर. १८४७ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या स्मिथ, एल्डर आणि कंपनीनें ती प्रसिद्ध केली आणि सहा महिन्यांच्या आंत तिसरी आवृत्ति काढावी लागली.

कथा थोडक्यांत अशी. जेन ही अनाथ मुलगी मामीच्या घरीं वाढते. मामीचा मुलगा तिला मारतो, आणि उलट ती तोंड वर करून बोलली म्हणून तिलाच लाल खोलींत कोंडतात. पुढें ती लोवुड शाळेंत शिकते, तेथेंच शिकविते, मग स्वतः जाहिरात देऊन थॉर्नफील्ड येथें गव्हर्नेस होते. तेथील मालक रॉचेस्टर यांचें व तिचें प्रेम जमतें. परंतु ऐन लग्नाच्या वेळीं कळतें, कीं त्यांची वेडी पत्नी त्याच वाड्याच्या माळ्यावर कोंडलेली आहे. रॉचेस्टर विनवितात, कीं तूं तशीच माझ्याबरोबर राहा. तुला जगांत कोणी नाहीं, तूं तसें केलेंस तरी कोणाला दुःख होणार नाहीं. आपल्याला कोणी नाहीं म्हणूनच आपला मान आपण राखला पाहिजे, असें जेनच्या मनांत येतें व ती पहाटे घर सोडते. ह्या पुस्तकानें मुली बिघडतील असें ज्यांना वाटतें, त्यांनीं हें प्रकरण वाचलेलें नसावें.

दुसरें प्रकरण मात्र आम्हां मिशनच्या छायेंत वाढलेल्या माणसांना अधिक अवघड जातें. उपाशी फिरणाऱ्या जेनला सेंट जॉन रिव्हर्स नांवाचे तरुण पाळक आश्रय देतात. हे पुढें तिचे आप्त निघतात. त्यांना मिशनरी होऊन हिंदुस्थानांत यावयाचें असतें. ते जेनला हिंदुस्तानी भाषा शिकवितात आणि एके दिवशीं सांगतात, कीं तूं माझी पत्नी होऊन चल. ही ईश्वराची इच्छा आहे. त्यांचें तिच्यावर प्रेम नाहीं, तसें ते म्हणतहि नाहींत. जेन उत्तर देते, कीं बहीण म्हणून येईन, काम करीन, त्यांत मरण आलें तरी चालेल. परंतु पत्नी म्हणून येणार नाहीं. सेंट जॉन यांना हें मान्य होत नाहीं. तिचा नकार ते ईश्वराला दिलेला नकार ठरवितात. येथें जेन जवळजवळ वांकते. रॉचेस्टरपेक्षां सेंट जॉन यांना नाहीं म्हणणें कठीण. कारण रॉचेस्टर पापाकडे बोलावीत होते, आणि हे सेवेकडे. एका वर्गांत हा भाग वाचून झाल्यावर एका मुलीनें मला विचारलें, कीं बाई, मग जेनचें चुकलें का? मीं तेव्हां तास संपल्याचें निमित्त केलें. आज उत्तर देतें. चुकलें नाहीं. ज्यानें मोहाच्या वेळीं तिची सदसद्विवेकबुद्धि जागी ठेवली, त्यानेंच ती सेंट जॉन यांच्या हवालीं करावयास सांगितलें असेल, असें मला वाटत नाहीं. लेखिकेलाहि सेंट जॉन यांची थोरवी ठाऊक होती; कादंबरीचीं शेवटचीं वाक्यें तिनें त्यांनाच दिलीं आहेत. हेन्री नसी यांच्या मागणीची आठवण ह्या प्रकरणामागें असावी, असें पुष्कळ अभ्यासकांचें मत आहे.

माळ्यावरच्या त्या वेड्या पत्नीविषयीं मात्र शार्लटची लेखणी निष्ठुर झाली. ती वेस्ट इंडीज बेटांतली. तिची बाजू कोणी विचारीत नाहीं. डोमिनिका बेटांत जन्मलेल्या जीन ऱ्हीस ह्या लेखिकेनें १९६६ सालीं तिची बाजू मांडणारी स्वतंत्र कादंबरी लिहिली. साम्राज्यांतील दूरच्या प्रजेंत आपणहि एके काळीं मोडत होतों, हें ध्यानांत घेतां हा दोष आपल्या वाचकांनीं नजरेआड करूं नये.

पुस्तकाचा बोलबाला झाला, तसा आक्षेपहि झाला. १८४८ च्या डिसेंबरांत क्वार्टर्ली रिव्ह्यू ह्या वजनदार नियतकालिकानें त्याला ख्रिस्ती वृत्तीच्या विरुद्ध ठरविलें; आणि हें बाईनें लिहिलें असेल, तर ती स्त्रीसमाजांतून उठलेली बाई असावी, असें सुचविलें. टीकाकार स्वतः एक विदुषी होती. रूढीवर बोट ठेवणें म्हणजे धर्मावर हात टाकणें नव्हे, हें शार्लटनें दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेंत आधींच बजावलें होतें. वडिलांना मात्र पुष्कळ दिवस कांहींच ठाऊक नव्हतें. एके दिवशीं ती पुस्तक घेऊन त्यांच्या खोलींत गेली व आपण हें लिहिलें असें तिनें सांगितलें. चहाच्या वेळीं म्हातारे बाहेर आले आणि पुस्तक आपल्या अपेक्षेपेक्षां पुष्कळच बरें आहे, असें त्यांनीं मुलींना सांगितलें.

हें सुख टिकलें नाहीं. एमिलीची वदरिंग हाइट्स व ॲनची ॲग्नेस ग्रे ह्या कादंबऱ्या १८४७ च्या डिसेंबरांत निघाल्या होत्या. दारूच्या नादीं लागलेला ब्रॅन्वेल २४ सप्टेंबर १८४८ रोजीं वारला. त्याच्या अंत्यविधीच्या वेळीं एमिलीला सर्दी झाली, ती क्षयावर गेली. १९ डिसेंबर रोजीं तीहि गेली. तिचें वय ३० होतें. २८ मे १८४९ रोजीं स्कारबरो येथें समुद्रकांठीं ॲननें प्राण सोडला. आठ महिन्यांत तीन. हॉवर्थ हें गांवच रोगट होतें. १८५० सालच्या सरकारी पाहणींत तेथील मृतांचें सरासरी वय २६ च्याहि आंत आढळलें. सांडपाणी व कबरस्थान हें त्याचें कारण होतें, आणि चांगल्या पाण्यासाठीं पॅट्रिक यांनींच सरकारकडे अर्ज केले होते. रात्रीं तिघी बहिणी टेबलाभोंवतीं फेऱ्या घालीत आपापल्या कथांची चर्चा करीत. आतां शार्लट एकटीच फेऱ्या घाली, आणि खालीं मोलकरणीला तीं एकटीं पावलें ऐकूं येत.

ह्या दुःखांत तिनें शर्ली पुरी केली. आमच्या ख्रिस्ती कुटुंबांत शर्ली नांवाच्या मुली पुष्कळ आढळतात. पण ह्या कादंबरीपूर्वीं तें नांव पुरुषाचें समजलें जाई. तींतील कॅरोलाइन ही पाळकाची पुतणी. लग्न न होणाऱ्या मुलींना घरांत शिवण देऊन बसवून ठेवतात व त्या झुरल्या कीं दोष देतात. त्यांना काम कां देत नाहीं, असा तिचा प्रश्न आहे. १८५३ सालीं व्हिलेट निघाली. माझ्या मतें ती जेन एअरहून सरस आहे, पण लहान वयांत ती रुचणार नाहीं. तिची नायिका ल्यूसी परदेशांत एकटी जाते व शेवटीं स्वतःची शाळा चालविते. ह्याच काळांत आपल्याकडे स्त्रियांचीं दुःखें कथारूपानें मांडण्याची सुरुवात होत होती. बाबा पद्मनजी यांचें यमुनापर्यटन १८५७ सालचें.

मुंबईशीं शार्लटचा संबंध येतां येतां राहिला. स्मिथ, एल्डर कंपनीचे व्यवस्थापक जेम्स टेलर यांनीं १८५१ सालीं तिला मागणी घातली. ते कंपनीच्या कामासाठीं मुंबईस निघाले होते. मनुष्य सरळ, वडिलांचीहि मर्जी. पण ते जवळ आले कीं तिचें मन थंड पडे. तिनें नाहीं म्हटलें व ते एकटेच मुंबईस आले.

चवथी मागणी घरांतूनच आली. वडिलांचे सहायक पाळक आर्थर बेल निकल्स हे १८४५ पासून हॉवर्थला होते. १८५२ च्या डिसेंबरांत हा अबोल मनुष्य थरथर कांपत तिच्यापुढें उभा राहिला. वडील इतके संतापले, कीं त्यांच्या कपाळाच्या शिरा फुगल्या. आपल्या विख्यात मुलीनें शंभर पौंडांच्या सहायकाशीं लग्न करावें हें त्यांना सहन होईना. तिनें त्या वेळीं वडिलांचें ऐकलें. सदीला व सेंट जॉनला उत्तर देणारी ही बाई छत्तिसाव्या वर्षीं वडिलांपुढें गप्प बसली, याचें कोणाला आश्चर्य वाटेल. मला वाटत नाहीं. आंधळेपणाच्या भीतीनें ग्रासलेल्या, सहांपैकीं पांच अपत्यें पुरलेल्या बापाला दुखविणें हें पुस्तकांतल्या खलपुरुषाला दुखविण्यासारखें नसतें. निकल्स नोकरी सोडून गेले. पत्रव्यवहार चालू राहिला, तो प्रथम चोरून. पण चोरी तिला मानवेना, तेव्हां तिनें वडिलांना उघड सांगितलें आणि हळूहळू त्यांचें मन वळविलें. वडिलांना सोडून जाणार नाहीं, ह्या अटीवर २९ जून १८५४ रोजीं लग्न झालें. वडिलांनीं आदल्या रात्रीं मंदिरांत येण्याचें नाकारलें, म्हणून कन्यादान जुन्या गुरु मिस वूलर यांनीं केलें. त्या काळच्या इंग्रजी कायद्यानें पत्नीची मिळकत पतीची होई. शार्लटनें लग्नापूर्वींच करारपत्र करून आपल्या लेखनाचा पैसा वेगळा राखला होता.

ती सुखी झाली. सवड मात्र उरली नाहीं. सदींचें एवढें भाकीत खरें ठरलें. निकल्स यांना तिचीं मोकळीं पत्रें धोक्याचीं वाटत. तीं जाळावीं असें वचन त्यांनीं एलनकडून मागितलें. एलननें पत्रें जाळलीं नाहींत, म्हणून आज आपल्याला शार्लट ठाऊक आहे. लग्नानंतर थोड्याच महिन्यांत गरोदरपणीं तिला अन्न ठरेनासें झालें, आणि ३१ मार्च १८५५ रोजीं, एकोणचाळिसावें वर्ष पुरें होण्यापूर्वीं, तिचा अंत झाला.

वडिलांनींच लेखिका एलिझाबेथ गॅस्केल यांना चरित्र लिहिण्याची विनंति केली. तें १८५७ सालीं निघालें आणि हॉवर्थला वाचकांची रीघ लागली. पॅट्रिक ८४ वर्षांचे होऊन ७ जून १८६१ रोजीं वारले. शेवटचीं सहा वर्षें ते व निकल्स, ज्यांना त्यांनीं एकदां घराबाहेर घालविलें होतें, असे दोघेच त्या घरांत राहात. जगभरच्या वाचकांकडून शार्लटच्या हस्ताक्षराची मागणी येई. तेव्हां म्हातारे तिचीं जुनीं पत्रें काढीत, कात्रीनें त्यांचे बारीक तुकडे करीत आणि ज्यानें मागितलें त्याला एकेक तुकडा पाठवून देत.